नातवंडांनी बुडवलेला वर्ग

चौतीस वर्षं मास्तरकी केली. माझ्या वर्गातून पोरगं पळालं असं अख्ख्या कोल्हापुरात कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. छडी मी फारशी वापरली नाही, पण ती हातात असायची. आणि आवाज असा की मी चौथीची हजेरी घ्यायला लागलो की भिंतीपलीकडच्या तिसरीतलं एखादं पोरगंही दचकून 'हजर' म्हणायचं. असा मी. आणि निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात माझ्या वर्गातली झाडून सगळी पोरं पळाली. सगळी म्हणजे तीन. तिन्ही माझी सख्खी नातवंडं.

ही गोष्ट मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. आमच्या मंडळींनी मात्र ती सगळ्या पेठेला सांगितली, नळावर, देवळात, हळदीकुंकवाला, आणि दर वेळी थोडं तिखटमीठ जास्त लावून. तेव्हा म्हटलं, आता आपणच लिहावी. निदान शेवट तरी धड सांगता येईल, कारण शेवटी जिंकलो मीच.

मंगळवार पेठेत आमचं दोन खोल्यांचं घर. मागं न्हाणी आणि टीचभर परसू. लेक एकुलती, ती मागच्याच बोळात दिलेली. इतक्या जवळ लेक देऊ नये, रोजची कटकट होते, असं चारचौघांनी सांगून बघितलं, पण मी ऐकणाऱ्यातला नव्हतो. जावई सरकारी नोकरीत कारकून, सरळ माणूस, बोलायचं म्हटलं की शब्द जपून वापरणारा. दोन घरांत अंतर किती म्हणाल तर आमच्या हिनं मिरचीची फोडणी दिली की तिकडं शिंका सुरू व्हायच्या. थोरली नात नऊ वर्षांची, मधला नातू सातचा, धाकटी चारची.

नोकरी होती तोवर या पोरांकडं मी नीट बघितलंच नव्हतं. ती यायची तेव्हा मी वह्या तपासत असायचो. 'गप बसा' आणि 'शाई सांडेल' याखेरीज मी त्यांच्याशी काय बोललो असेन ते आठवत नाही. संस्थान मुंबई राज्यात गेलं त्याच्या पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो. शाल आणि नारळ घेऊन घरी आलो आणि त्याच संध्याकाळी हिला सांगून टाकलं, आता नातवंडांना वेळ द्यायचा.

मास्तर माणूस वेळ कसा देणार? वेळापत्रक करून.

जाड पुठ्ठा आणला, तांबड्या-निळ्या शाईनं रकाने आखले. रोज संध्याकाळी साडेपाच ते सात. सोमवारी पाढे, मंगळवारी शुद्धलेखन, बुधवारी पाठांतर, गुरुवारी गोष्ट (बोधपर), शुक्रवारी वस्तुपाठ (एक वस्तू घेऊन तिची माहिती), शनिवारी आजोबांशी मोकळ्या गप्पा, पंधरा मिनिटे. हसू नका, मी हे अगदी मनापासून लिहिलं होतं. तिघांचा हजेरीपट आखला. घंटा नव्हती म्हणून हिची पितळी ताटली खिळ्याला टांगली आणि साडेपाचला उलथन्यानं बडवायला लागलो. हिनं दाराला टेकून सगळा थाट बघितला आणि विचारलं, "पोरं आजोळी येणार हाईत का शाळंत?"

मी तिकडं लक्ष दिलं नाही. बायकोच्या शेऱ्यांकडं लक्ष द्यायची मला सवयच नव्हती.

पहिल्या शनिवारचं सांगतो. तिघांना ओळीनं बसवलं, समोर घड्याळ ठेवलं आणि म्हटलं, बोला. तिघंही माझ्या तोंडाकडं बघत बसली. मिनिटभरानं धाकटीनं घाबरत विचारलं की काय बोलू. मी म्हटलं, काय वाटेल ते, मोकळेपणानं बोल. ती रडायला लागली. उरलेली चौदा मिनिटं तिची समजूत घालण्यात गेली आणि हजेरीपटावर मी 'गप्पा झाल्या' अशी नोंद केली.

तिसऱ्या आठवड्यात थोरलीचं डोकं दुखायला लागलं, मधल्याचं पोट, आणि धाकटीला तिची आई सोडत नव्हती म्हणे. दोन दिवस मी विश्वास ठेवला. तिसऱ्या दिवशी साडेपाचला ताटली बडवली, पावणेसहाला पुन्हा बडवली. शेजारच्या वहिनी येऊन विचारून गेल्या की कुठं आग लागलीय काय. मग मी पायात चपला सरकवल्या आणि लेकीचं घर गाठलं. लेक निवांत भाजी निवडत बसली होती. म्हणाली, आबा, पोरं मघाशीच तुमच्याकडं गेलीत की.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चौतीस वर्षं ज्याच्या धाकानं पोरं पाटीवर डोकं खाली घालून बसायची त्याला घरच्याच पोरांनी थाप मारावी? तालमीच्या दारात बघितलं, देवळामागं बघितलं. शेवटी बोळाच्या तोंडाला, पत्र्याच्या छपराखाली सापडली. तिथं एक म्हातारे कल्हईवाले बसायचे. पेठेतल्या सगळ्या घरांची तांब्यापितळेची भांडी त्यांच्याकडं जायची. पोरं त्यांना चाचा म्हणायची.

मधला चामड्याचा भाता ओढत होता. थोरली उकिडवी बसून कोळशांकडं एकटक बघत होती. धाकटी पाण्याच्या बादलीला खेटून, कारण कल्हई झालेलं तापलं भांडं पाण्यात बुडवलं की चुर्र आवाज येतो, तो तिला जवळून हवा होता. आणि तिघांच्या तोंडाची टकळी एकाच वेळी चालू. मी मागं उभा होतो, कुणाचं लक्ष नव्हतं. थोरली वर्गातल्या एका भांडणाचं सांगत होती, मधला त्याला पडलेल्या भुताच्या स्वप्नाचं. ते ऐकताना चाचा मधून मधून 'बरं', 'मग?' एवढंच म्हणत होते आणि हातातल्या कापसाच्या बोळ्यानं भांड्याच्या आत कथील फिरवत होते. माझ्यासमोर ज्या पोराच्या तोंडून 'हो' आणि 'नाही' याच्यापुढं शब्द फुटत नव्हता ते पोरगं भाता ओढता ओढता हातवारे करून बोलत होतं.

मला खरं तर वाईट वाटलं होतं. पण वाईट वाटलं की मी ओरडतो, हा माझा जुना स्वभाव. पोरांना ओरडलो, मग चाचांनाही बोललो. दुसऱ्याच्या पोरांना नादाला लावता म्हणून. चाचांनी भांडं पाण्यात सोडलं, हात पुसले.

"मास्तर, मी बोलावलं न्हाय त्यांना," ते म्हणाले. "येत्यात, बसत्यात, कटाळा आला की जात्यात."

मी थोरलीचा कान धरून वरात घरी आणली. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यानंतर पोरं वर्गाला आली, पण आली म्हणजे नुसती देहानं आली. श्रावण लागला तसा मीच कंटाळलो आणि ताटली बडवायचं बंद झालं. कुणी विचारलंसुद्धा नाही का बंद झालं म्हणून. एका दुपारी लेक वाटीभर खीर घेऊन आली आणि खाली मान घालून सांगायला लागली. जावयांना कळंब्याला क्वार्टर मिळत होती. दोन मोठ्या खोल्या, स्वयंपाकघर वेगळं, दारात नळ, मागं झाड. दसऱ्याच्या आत होकार कळवायचा होता. बोळातलं त्यांचं घर अंधारं, पाणी चार घरांत मिळून एका नळाचं, हे काय मला दिसत नव्हतं? मी एवढंच विचारलं की पोरांचं काय.

तिनं खिरीची वाटी माझ्यापुढं सरकवली. मग म्हणाली, "आबा, पोरांचा जीव इथं गुंतला असता तर मी ह्यांच्याशी भांडले असते. पण तुमच्याकडं जायचं म्हटलं की पोरं दप्तर शोधतात."

खीर तशीच राहिली. ती टाकली म्हणून ही रागावली नाही, यावरून लेकीचं म्हणणं हिलाही पटलंय हे मी समजलो.

कळंबा म्हणजे काही परमुलूख नव्हे. टांग्यानं पाऊण तास. पण मध्ये पाऊण तास आला की येणं ठरवून होतं. रविवार बघायचा, निरोप धाडायचा, पोरांना धुतलेले कपडे घालायचे. ती यायची, आपण गोडधोड करायचं, पाच वाजले की टांगा बघायचा. नातवंडं पाहुणे होणार, आणि मला तर ती अजून घरचीसुद्धा झालेली नव्हती. हातात महिना-दीड महिना होता. रात्रंदिवस तेवढाच विचार डोक्यात.

मग मी माझ्या परीनं उपाय केले. भोवरे आणले, गोट्या आणल्या, टोपलीभर पेरू आणले आणि सहज बसल्यासारखा दारात बसायला लागलो. सहज बसणं किती अवघड असतं ते तेव्हा कळलं. पोरं बोळातून जाताना मी हाक मारायचो. ती यायची, पेरू घ्यायची, उभ्या उभ्या खायची. मधल्यानं एकदा अर्धा पेरू संपवून विचारलं, "आज्जा, आता बियांवर वस्तुपाठ हाय का?" आतून हिचं हसू ऐकू आलं. मी नाही म्हटलं तरी त्याचा विश्वास बसला नाही. उरलेला पेरू घेऊन तो पळाला तो थेट पत्र्याच्या छपराकडं.

घट बसायच्या आधी आमच्याकडं घर वरपासून खालपर्यंत धुतात. वाकळा, चादरी, भांडी, काही म्हणजे काही सोडत नाहीत. हिनं पातेली, वाट्या, वगराळं असा ढीग काढला आणि मला सांगितलं की एवढं कल्हईला टाकून या. मी म्हटलं, त्या माणसाच्या दारात मी जाणार नाही. मग दुसऱ्या पेठेत न्या, ती म्हणाली. तिथंही जाणार नाही. मग काय करणार? माझ्या तोंडून निघून गेलं की मीच करतो कल्हई, त्यात काय आहे?

आणि खरंच मला वाटत होतं की त्यात काही नाही. 'कल्हई' हा वस्तुपाठ मी चौतीस वर्षं शिकवला होता. कथील कसलं, नवसागर कशाला, कल्हई उडालेल्या भांड्यात आमटी कळकून का बिघडते, सगळं तोंडपाठ. झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. फक्त कथील कधी हातात धरलं नव्हतं.

शनिवार होता. ही शेजारणींबरोबर वाकळा धुवायला पंचगंगेवर गेली. मी बाजारातून कथलाची कांडी आणि नवसागर आणला, परसात तीन विटा मांडून कोळसे पेटवले, फुंकणीनं फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले आणि ढिगातलं सगळ्यांत मोठं पातेलं जाळावर चढवलं. ज्यात सणाची कटाची आमटी व्हायची ते. चांगलं तापल्यावर कांडी फिरवली. कथील वितळलं खरं, पण चिकटायचं नाव घेईना. त्याचे साबुदाण्यासारखे गोळे झाले आणि तळाशी इकडून तिकडं पळायला लागले. मी म्हटलं नवसागर कमी पडला. आणि मूठभर टाकला.

त्यानंतर जो पांढरा धूर उठला त्यात मला माझंच मागचं दार सापडेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, धोतराचा सोगा एका बाजूनं जळालेला. ठसका थांबेना. आणि त्या धुरातून मला खिदळणं ऐकू आलं. शनिवारची सकाळची शाळा सुटलेली. धूर बघून तिघंही परसाच्या गडग्यावर चढून बसली होती. वर्गात हसलं म्हणून मी किती पोरांना उभं केलं असेल याचा हिशोब नाही. ओरडायला तोंड उघडलं तर नुसता खोकला बाहेर पडला. मग धाकटीनंही खोकल्याची नक्कल केली आणि मला, काय सांगू, हसूच आलं. त्या तिघांच्या देखत मी पोट धरून हसलो. ती बघतच राहिली.

थोरली गडग्यावरून उतरली, पातेल्यात वाकून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "आज्जा, भांडं घासलं व्हतं का?"

तो सूर माझाच होता, मी लगेच ओळखला. म्हटलं, रोज घासतातच की. तसं न्हाय, ती म्हणाली, चिंच लावून, वाळू टाकून, आत पाय घालून गरागरा फिरायचं, पितळ उघडं पडलं पाहिजे. आणि पहिल्यांदाच एवढं मोठं पातेलं कुणी घेतं का, वाटी घ्या. सोप्याकडून अवघडाकडं जावं, हे मी जन्मभर नव्या मास्तरांना सांगत आलो होतो. मी मुकाट्यानं वाटी घेतली.

मग माझा वर्ग सुरू झाला आणि विद्यार्थी मी. थोरली जाळाला शिवली नाही. चाचांनी तिला बजावलं होतं, जाळाला हात लावायचा न्हाय, नुसतं डोळं लावायचं. दोन महिने तिनं डोळेच लावले होते आणि तेवढ्यात तिला जे येत होतं ते मला चौतीस वर्षांत आलं नव्हतं. मधला फुंकणीवर बसला. धाकटीनं बादलीचा ताबा घेतला. मी चिंच लावून वाट्या घासल्या, एक परत पाठवण्यात आली, पुन्हा घासली. वाटी तांबूस दिसायला लागली की आता, असं थोरली म्हणायची. चिमूटभर नवसागर, कांडीचं टोक लावायचं, आणि कापसाचा बोळा फिरवायचा, झपाझप. माझा हात जरा रेंगाळला की ती दरडावायची, थांबू नका की. पहिल्या वाटीला नुसते ठिपके आले. दुसरी अर्धी झाली. तिसरी आतून पांढरी लख्ख निघाली आणि धाकटीनं तिचा चुर्र आवाज करून घेतला. आयुष्यात माझे किती विद्यार्थी पहिले आले असतील, पण त्या वाटीएवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि या सगळ्यात आम्ही बोलत होतो. कुणी 'बोला' म्हटलं नव्हतं. हात कामात होते आणि तोंडं मोकळी होती. मधल्याला अंधाराची भीती वाटते म्हणून तो न्हाणीत जाताना मोठ्यानं पाढे म्हणतो, हे मला त्या दिवशी कळलं. मी समजत होतो त्याला पाढ्यांची आवड आहे. थोरलीनं मला विचारलं की तुम्ही लहानपणी मार खाल्लाय का. मी किती खाल्लाय ते सांगायला लागलो आणि ती मला थांबवून पुन्हा पुन्हा तेच सांगायला लावायला लागली. भुका लागल्या तेव्हा फडताळातल्या भाकरी काढल्या आणि चटणी-कांद्याशी, काळ्या हातांनी, उभ्यानंच खाल्ल्या.

ही ओल्या वाकळा घेऊन परतली तेव्हा आम्ही नवव्या वाटीवर होतो. तिनं वाट्या बघितल्या, मोठ्या पातेल्याचा काळाठिक्कर तळ बघितला, माझं धोतर बघितलं. म्हणाली, घट बसायच्या आधी घर पाण्यानं धुतात, तुम्ही धुरानं धुतलंय. आणि मग पायरीवर बसून इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. पोरांना शोधत लेक आली. हिच्या शेजारी टेकली आणि उरलेली भाकरी तिनं संपवली.

दुसऱ्या दिवशी ते पातेलं घेऊन मी स्वतः चाचांकडं गेलो, तिन्ही पोरं बरोबर. मागं बोललो ते चुकलं म्हणून सांगितलं. चाचांनी पातेल्यात बघून विचारलं की हे कुणी केलं. तीन बोटं माझ्याकडं वळली. चाचा हसले नाहीत. भाता माझ्या हातात दिला आणि मधल्याला म्हणाले, मास्तरांना जरा शिकीव.

त्यानंतर पोरं यायला लागली. कधी, ते विचारू नका. सकाळी मी दाढीला बसलो की थोरली आरशाच्या मागं उभी राहून मला काल राहिलेलं सांगायची. मधला हातात भुंगा घेऊन यायचा, दाखवायचा आणि एक शब्द न बोलता जायचा. त्याला फक्त मी बघायला हवा असायचो. धाकटी दिवसातून सहा वेळा. कधी पाणी प्यायला, कधी आईनं रागावलं म्हणून, कधी कशालाच नाही. उंबऱ्यावर बसायची, बोळातलं कुत्रं बघायची, उठून जायची. तिच्या घरातही पाणी होतं आणि उंबराही. मला दुपारी झोप मिळेना, वर्तमानपत्र सलग वाचून होईना, आणि मी इतका सुखात होतो की सांगायची सोय नाही. वेळापत्रकाचा पुठ्ठा हिनं पिठाच्या डब्यावर झाकायला घेतला तोही मला चार दिवसांनी दिसला.

पण दसरा जवळ येत होता. जावयांनी क्वार्टरचं नाव सोडलं नव्हतं आणि त्यांनी का सोडावं? नवरात्रातल्या रविवारी त्यांनी टांगा आणला, घर बघून येऊ म्हणाले. ही आली नाही. "मला न्हाय बघायचं ते," म्हणाली आणि चुलीकडं तोंड करून बसली. मी गेलो. मनात ठरवून गेलो होतो की खोट काढायची. पाणी कमी असेल, ओल असेल, वाराच येत नसेल, काहीतरी सापडेलच.

काही सापडलं नाही. घर झकास होतं. भिंती कोरड्या, खिडक्या मोठ्या, नळाला धो धो पाणी, मागं आंब्याचं झाड. मधला तेवढ्यात झाडावर चढलासुद्धा. लेक स्वयंपाकघरात उभी राहून फळीवर काय मांडता येईल ते हातानं मोजत होती. दहा वर्षं अंधारात चूल फुंकलेली ती पोर. तिच्याकडं बघून माझी मलाच लाज वाटली. आपल्याला सहा वेळा उंबऱ्यावर कुणी यावं म्हणून लेकीनं अंधारात राहायचं? मी नळाजवळ जावयांपाशी गेलो आणि म्हटलं, "जावईबापू, घर चांगलं आहे. घ्या." ते मी मनापासून बोललो. ते नुसते हूं म्हणाले.

तेवढ्यात लेकीनं आतून विचारलं की धाकटी कुठं आहे.

घरात नव्हती. झाडाखाली नव्हती. शेजारच्या क्वार्टरीत नव्हती. कळंब्याचं तळं तिथून काही फार लांब नव्हे, आणि ते सगळ्यांच्या मनात एकदमच आलं असणार, कारण सगळेच पळाले. जावई पुढं, मी मागं धापा टाकत. दारातून बाहेर पडून रस्ता डाव्या हाताला वळत होता. त्या वळणावर ती उभी होती.

रडत नव्हती. रागानं उभी होती. समोर उसाचं शेत होतं आणि ती त्या उसाकडं बघत होती. मला बघताक्षणी उलगडा झाला. बोळातल्या तिच्या दारातून बाहेर पडायचं, कोपऱ्यावर डावीकडं वळायचं, तिसरं दार आमचं. ती रोजच्यासारखी कुणाला न सांगता निघाली होती, बरोबर डावीकडं वळली होती.

जावई तिच्यासमोर खाली बसले. कुठं निघालीस म्हणून विचारलं.

"आज्जीकडं," ती म्हणाली. आणि उसाकडं हात करून तिनं बापाला जाब विचारला, "आज्जीचं घर कुणी नेलं?"

जावयांनी तिला उचललं. ते कितीतरी वेळ तसेच उभे होते, तिच्या पाठीवर हात फिरवत, त्या उसाकडंच बघत. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मामा, उद्या नकार लिहून देतो. पेठेतच उजेडाची खोली बघू."

मागून आलेल्या लेकीनं ते ऐकलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. होय म्हणून.

परत येताना टांग्यात मला गाणं म्हणावंसं वाटत होतं, आणि मला गाता येत नाही. बोळाच्या तोंडाशी टांगा थांबायच्या आत धाकटीनं खाली उडी टाकली. मी हाक मारेपर्यंत ती डावीकडं वळून दिसेनाशी झाली होती. मग तिचा आवाज आला, सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा, "हाय की! हितंच हाय!"

आणि आतून हिचा आवाज, "मग कुठं जातंय?"